दूधसागर आणि वाटाड्याचा शब्द

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे ह्या सदराकडे एका ठराविक घाटाचीं पत्रें येऊं लागतात. घरांतील मंडळी बारा-चौदा. त्यांत एक-दोन वृद्ध, तीन-चार शाळकरी मुलें, एखादा महाविद्यालयांत जाणारा व म्हणूनच कोणाचें न ऐकणारा तरुण. ह्या सर्वांस झेपेल, एका दिवसांत उरकेल, दाट अरण्य व मोठा धबधबा पाहावयास मिळेल, जमल्यास एखादें वन्य जनावरही दृष्टीस पडेल आणि जिवास धोका नसेल, असें ठिकाण सुचवावें, अशी विनंति असते. पहिल्या चार अटी पुऱ्या करणारीं ठिकाणें सह्याद्रींत पुष्कळ आहेत. पांचवी अट मात्र ठिकाणावर अवलंबून नसून, बरोबर कोण आहे व आपण त्याचें ऐकतों कीं नाहीं, ह्यावर अवलंबून आहे. हें आम्ही दूधसागरास शिकलों. आणि शिकतांना आमची जी फजिती झाली ती लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

दूधसागर हा गोवा व कर्नाटक ह्यांच्या सीमेवर आहे. मांडवीस मिळणारें पाणी येथें सुमारें ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांनीं खालीं येतें. एक राजकन्या डोहांत स्नान करीत असतां कोणी राजपुत्र झाडींतून पाहत होता, तेव्हां लज्जारक्षणासाठीं तिनें सुवर्णकलशांतील दूध समोर ओतून त्याचा पडदा केला, अशी दंतकथा तेथें सांगतात. कथेची चिकित्सा करण्याचें कारण नाहीं. खालून वर पाहिलें म्हणजे पाण्यापेक्षां दुधाचाच भास अधिक होतो, एवढें खरें.

पुण्याकडील मंडळींस मिरज, बेळगांव, लोंढा, कॅसल रॉक अशा मार्गानें आगगाडी थेट कुळें येथें उतरवून देते. हा लोहमार्ग १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर, १८८० च्या दशकांत घातला गेला. कॅसल रॉकपासून कुळ्यापर्यंतचा सुमारें २६ किलोमीटरांचा घाट सदतिसांस एक इतका उतरता असून, गाडी धबधब्याच्या अगदीं पुढ्यांतून पुलावरून जाते. खिडकी कोणत्या बाजूची मिळावी ह्यावरून आमच्या डब्यांत दोन घराण्यांचें बोलणें बंद होण्याची वेळ आली होती. पावसाळ्यांत हें दृश्य सर्वांत भव्य असतें. पण तें गाडींतूनच पाहावें. रुळांवरून पायीं चालत जाण्याची जी टूम मध्यंतरीं निघाली होती तिच्याविषयीं आमचें मत प्रतिकूल आहे. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, मध्यें बोगदे, आणि पाण्याच्या घोषांत मागून येणारी गाडी ऐकूं न येणें, अशी ती वाट आहे. रेल्वेच्या कायद्यानें तें चालणें गुन्हाही आहे. २०२३ च्या जुलै महिन्यांत अशा रीतीनें आलेल्या तरुणांचे जथे पोलिसांनीं अडविले व कित्येकांस कान धरून उठाबशा काढावयास लावल्या. वाढलेल्या माणसांस उठाबशा काढावयास लावणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. परंतु त्या तरुणांच्या आईबापांस त्या दिवशीं विचारलें असतें तर त्यांनीं दहा जास्त काढावयास लावा असेंच सांगितलें असतें.

धबधब्याच्या पायथ्याशीं जाण्याचा योग्य मार्ग कुळ्याहून जीपगाडीनें अरण्यांतून जाण्याचा. पावसाळ्यांत तो बंद असतो व साधारणतः ऑक्टोबरांत खुला होतो. एका गाडींत सात माणसें, प्रत्येकास लाइफ जॅकेट, वाटेंत वनखात्याचें नाकें, आणि ओढ्याचें पात्र गाडींतूनच ओलांडणें, असा तो क्रम आहे. आम्ही लहानथोर मिळून तेरा जण होतों. दोन गाड्या ठरविल्या. आणि केवळ आमच्या आत्याबाईंच्या आग्रहामुळें, गाडीवाल्यांखेरीज गांवांतील एक वाटाड्याही बरोबर घेतला. हा खर्च व्यर्थ आहे, असें आम्हीं त्या वेळीं स्पष्ट बोलून दाखविलें होतें.

पर्जन्यारण्य म्हटलें म्हणजे आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील मुलांस ॲमेझॉन आठवतें. स्वतःच्या दारांतलें आठवत नाहीं. समुद्रावरून आलेले नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीस थडकून वर चढतात, थंड होतात व आपला सगळा भार ह्या पश्चिम उतारावर रिता करतात. त्या पावसावर वाढलेलें हें रान भगवान महावीर अभयारण्य व मोलें राष्ट्रीय उद्यान ह्या नांवांनीं राखलेलें आहे. दोन्ही मिळून सुमारें २४० चौरस किलोमीटर भरतात. सपाटीवर ऐन, किंदळ असे पानगळीचे वृक्ष, आणि ओढ्यांच्या घळींत व घाटाच्या अंगास सदाहरित झाडी. गाडी त्या झाडींत शिरली कीं भर दुपारीं दिवेलागणीसारखा उजेड होतो, हें आमच्या धाकट्या पुतणीचें निरीक्षण आम्ही जसेंच्या तसें देतों.

आमचा वाटाड्या पन्नाशीच्या आसपासचा, फार न बोलणारा गृहस्थ होता. पहिला अर्धा तास आम्हां सर्वांचा एकच प्रश्न चालला होता: वाघ दिसेल काय? तो प्रत्येक वेळीं नाहीं म्हणे. ह्या प्रांतांत वाघ आहेत. २०२० च्या जानेवारींत शेजारच्या म्हादई अभयारण्यांत चार वाघ विषप्रयोगानें मेलेले सांपडले, तेव्हां ती गोष्ट दुःखद रीतीनें सर्वांस कळून चुकली. परंतु सात माणसांच्या गलक्यासमोर येऊन उभा राहण्याइतका वाघ अडाणी नसतो. मग त्यानें आम्हांस जें होतें तें दाखवावयास आरंभ केला. चिखलांतले खूर गव्याचे, आणि ते आज पहांटेचे, कारण कडा अजून ढासळल्या नाहींत. उंच फांदीच्या बेचक्यांत काटक्यापानांचा गोळा दिसतो तें शेकरूचें घरटें. एकाएकीं वरतीं वाफेच्या इंजिनासारखा धापा टाकल्याचा आवाज झाला, तेव्हां मुलें दचकलीं. तो धनेश पक्ष्याच्या पंखांचा आवाज होता. जुन्या वृक्षाच्या खोडांतील एक ढोली दाखवून त्यानें सांगितलें कीं, विणीच्या दिवसांत धनेशाची मादी अशा ढोलींत स्वतःस लिंपून कोंडून घेते, आणि नर चोंच मावेल एवढ्या फटींतून तिला व पुढें पिलांना कित्येक आठवडे फळें आणून भरवितो. नर मेला तर आंतलीं सर्व उपाशीं राहण्याचा प्रसंग. ह्यावर आमच्या थोरल्या वहिनींनीं आमच्या बंधूंकडे जो कटाक्ष टाकला त्याचें वर्णन येथें करीत नाहीं. अशी ढोली तरुण झाडास नसते. ती पडावयास झाडाला म्हातारें व्हावें लागतें, हें वाटाड्याचें वाक्य मात्र आम्हीं टिपून घेतलें आहे.

गाडी थांबते तेथून धबधब्याच्या डोहापर्यंत मोठमोठ्या दगडांमधून पायवाट आहे. तेथें माकडांचा फार उपद्रव. आत्याबाईंनीं घरून निघतांनाच मारुतिरायाचीं म्हणून डझनभर केळीं वेगळीं काढून ठेविलीं होतीं. त्यांनीं पिशवींत हात घालतांच वाटाड्या म्हणाला, "आजी, केळीं आंतच राहूं द्या. तुम्ही पुण्य घेऊन घरीं जाल. उद्यां तें माकड लहान पोराच्या हातावर झडप घालील, आणि मग त्यालाच काठी बसेल." आत्याबाईंनीं सत्तर वर्षांत कोणाच्या सांगण्यावरून धर्मकृत्य अर्धवट टाकलेलें आम्हांस स्मरत नाहीं, त्या दिवशीं त्यांनीं पिशवीचें तोंड बांधलें. घरांतील सर्वांत कमी शिकलेली व्यक्ति त्याच, आणि त्याचें म्हणणें पहिल्याच शब्दांत मानणारी व्यक्तिही त्याच.

डोहाशीं पोंचतांच वाटाड्यानें पाण्याच्या कडेच्या दोन दगडांमधील फटींत एक काटकी खोंचून ठेविली. आम्हांस तो चाळा वाटला. पाणी स्वच्छ, तळचे गोटे मोजून घ्यावे इतकें. मुलें, तरुण व आमचे कनिष्ठ बंधु लाइफ जॅकेटें घालून उतरले. हे बंधु पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आहेत. वहिनी एका सपाट दगडावर कपड्यांची पिशवी ठेवून बसल्या. ऊन पडलें होतें. अर्धा तास फार सुखाचा गेला.

मग वाटाड्या उठला, काटकीकडे पाहिलें, कड्याच्या माथ्याकडे पाहिलें, आणि "भायर येयात, सगळीं भायर येयात" अशी त्यानें मोठ्यानें हांक दिली. कोणीही हललें नाहीं. आमच्या पुतण्यानें आंतूनच विचारलें कीं, ठरलेली वेळ संपावयास अजून अवकाश आहे, मग घाई कशाची? बंधूंनीं आकाशाकडे बोट दाखवून शास्त्रीय शंका काढली कीं, पाऊस नाहीं तर पाणी वाढणार कोठून? आणि आम्हीं, लिहावयास लाज वाटते, त्या शंकेस मान डोलावली. वाटाड्या वाद घालीत बसला नाहीं. "पाऊस तिकडे वर पडला, साहेब, येथें नुसतें पाणी येतें," एवढें म्हणून तो कपड्यांसकट पाण्यांत उतरला, आणि दोन्ही लहान मुलांस बखोटीस धरून काठावर आणून ठेविलें. आत्याबाईंनीं काठावरून पुतण्याचें नांव घेऊन जी आरोळी ठोकली तिनें उरलेलें काम केलें.

तेव्हां आम्हीं पाण्याकडे प्रथमच नीट पाहिलें. गोटे दिसेनासे झाले होते. पाण्यास मातकट झांक आली होती, आणि त्यावर वाळलेलीं पानें व बारीक काड्या फिरत होत्या. मघाशीं एकही नव्हती. खोंचलेली काटकी बुडाली होती. आम्ही दगडांवरून वर चढून गेलों आणि मागें वळून पाहतों तों वहिनी ज्या दगडावर बसल्या होत्या तो दिसेना. दुसऱ्या एका मेळ्यांतील दोघे तरुण डोहामधील खडकावर अडकले. तेथील जीवरक्षकांनीं दोर टाकून त्यांस आणलें. ऊन तसेंच पडलेलें होतें.

बंधु बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. नंतर त्यांनीं स्वतःच उलगडा केला: घाटमाथ्यावर विजेसह पडलेली एखादी सर, तिचें सर्व पाणी ह्या एकाच घळींतून उतरणार, आणि येतांना आधीं वाटेतला पालापाचोळा उचलणार. म्हणजे पाण्याचा रंग व पानें हीं लोंढ्याचीं आगाऊ आलेलीं पत्रें होत. हें सर्व त्यांस ठाऊक होतें. विद्यार्थ्यांस त्यांनीं शिकविलेंही होतें. ठाऊक नव्हतें तें एवढेंच कीं, समोरचा मनुष्य जें सांगत आहे तें हेंच आहे. आमच्यासारख्या घरांत जें छापलेलें असतें त्याला आपण ज्ञान म्हणतों. जें तोंडीं सांगितलें जातें, आणि तेंही मजुरीनें आलेल्या माणसाकडून, त्याला फार तर माहिती म्हणतों. त्या दिवशीं हा भेद आम्हांस महाग पडतां पडतां राहिला.

येथें एका घटनेचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाववत नाहीं. २०२४ च्या ३० जून रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागील धबधब्यांत सहलीस आलेल्या एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. त्यांत लहान मुलें होतीं. प्रवाहाच्या मध्यभागीं एकमेकांस घट्ट धरून उभीं असलेलीं तीं माणसें सर्व महाराष्ट्रानें नंतर चित्रफितींत पाहिलीं. काठावर लोक होते, पण कोणासही कांहीं करतां आलें नाहीं. पाणी घोट्यापर्यंत असतांना तीं तेथें गेलीं असावींत. कोणतेंही कुटुंब असेंच जातें. काटकी खोंचून वर पाहत बसणारा कोणी त्यांच्याबरोबर असता तर, हा विचार आमच्या मनांतून आजही जात नाहीं.

परततांना ओढ्याचें पाणी चढलेलें होतें. चालकानें गाडी अलीकडेच उभी केली व पाणी उतरेपर्यंत हलवावयाची नाहीं असें सांगितलें. ह्या वेळीं कोणीं शंका काढली नाहीं. पाऊण तास आम्ही तेथें बसलों. डबे उघडले, आत्याबाईंनीं पहिली दशमी वाटाड्याच्या हातावर ठेविली, आणि मग बाकीच्यांस वाढलें.

त्या पाऊण तासांत आमच्या पुतण्यानें वाटाड्यास प्रथमच कांहीं विचारलें: हें पाणी पुढें कोठें जातें? हें पाणी पुढें खांडेपार नदी होतें, आणि त्या नदीवरील ओपा येथील जलशुद्धिकेंद्रांतून पणजी व फोंडा येथील नळांस येतें. म्हणजे आदल्या रात्रीं पणजींत मुलांनीं तक्रार करीत ज्या पाण्यानें तोंड धुतलें तें ह्याच डोहांतून गेलेलें. पावसाळा संपल्यावरही धबधबा महिनोन्महिने वाहतो, कारण वरचें रान पाऊस धरून ठेवून सावकाश सोडतें. म्हणूनच ह्या रानांतून लोहमार्गाची दुसरी जोडी, रुंद महामार्ग व विजेची मोठी वाहिनी नेण्याच्या योजना पुढें आल्या तेव्हां २०२० पासून गोव्यांतील विद्यार्थ्यांनीं, वकिलांनीं व शास्त्रज्ञांनीं त्यांस मोठा विरोध केला. २०२२ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें लोहमार्ग दुहेरी करण्यास मिळालेली वन्यजीव-मंजुरी रद्द ठरविली. आगगाडीनेंच आलेल्या आम्हांस त्या निकालानें समाधान वाटावें, ह्यांतील विसंगति आमच्या लक्षांत आहे. पण समाधान वाटलें हें खरें.

वेळ उरल्यास संध्याकाळीं तांबडी सुर्ल्याच्या महादेवाचें दर्शन अवश्य घ्यावें. कदंबांच्या काळांतील, बाराव्या-तेराव्या शतकांतलें हें काळ्या दगडाचें लहानसें देवालय रानांत, ओढ्याच्या कांठीं उभें आहे. तो दगड त्या परिसरांतला नसून घाटावरून खालीं आणला असावा, असें जाणते सांगतात. कसा आणला असेल, ह्याचा विचार ज्यानें आत्तांच त्या घाटांत पाणी उतरेपर्यंत गाडी थांबविलेली पाहिली आहे त्यानें करावा.

आतां ज्यांचीं पत्रें आलीं आहेत त्यांच्यासाठीं थोडें. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते डिसेंबर हा काळ उत्तम. मार्चनंतर धार बारीक होते. गुडघ्यांच्या दुखण्याच्या माणसांनीं शेवटच्या दगडांच्या वाटेचा हट्ट धरूं नये. त्यांच्यासाठीं आगगाडीची खिडकीच बरी. नवे कपडे नकोत, गडद रंगाचे जुने असावेत. रबरी तळाचे, पायांस बांधलेले जोडे असावेत. ओल्या दिवसांत जळू लागल्यास ओढून काढूं नये. तिच्या तोंडापाशीं नख सरकवून ती सोडवावी, आणि मुलांसमोर किंचाळूं नये. लाइफ जॅकेट छायाचित्रापुरतें काढण्याचा मोह तरुणांस हटकून होतो. त्याकडे घरांतील एकानें डोळा ठेवावा. वाटाड्या गांवांतलाच घ्यावा, मजुरी आधीं ठरवावी, आणि ठरवितांना घासाघीस करूं नये. पाण्यापाशीं त्याच्याच जवळ बसावें.

आमच्या पुतण्याचें म्हणाल तर तो अजूनही फारसें कोणाचें ऐकत नाहीं. परंतु मागें नृसिंहवाडीस आम्ही सर्व स्नानास गेलों असतां घाटाच्या शेवटच्या पायरीच्या फटींत त्यानें एक काटकी खोंचली व तिच्याकडे पाहत बसला. वहिनी त्यास हंसल्या, आणि मग त्याही बसल्या.